'त्वरित' लिहिलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे, पत्र्याची. 'घर विकणे आहे' ही माझ्यावरची लाल अक्षरे. एका पेंटरने पत्रा कापून, कडा घासून, पांढऱ्या रंगाचे दोन हात देऊन मला घडवले. अक्षर लांबून वाचता येते का, हे बघायला तो पुन्हापुन्हा रस्ता ओलांडून जाई.

माझा मालक घरांचा एजंट. सुरुवातीची वर्षे भरभराटीची गेली. एखाद्या गॅलरीला मी जेमतेम सरावते, तोच ते घर विकले जाई. एजंट मला फडक्याने पुसत म्हणे, "हिचा पायगुण चांगला आहे." मला पाय नाहीत, तरी ऐकून बरे वाटे.

मग बाजार मंदावला. त्या दिवसांत त्याने मला तिसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीला तारेने बांधले. तिथे एक निवृत्त नर्स राहत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांच्या यजमानांचे गुडघे गेले होते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. वर्षभर ते जिना उतरले नव्हते. या घराला बरा भाव आला, तरच तळमजल्यावरचे एखादे घेता येणार होते. माझे तोंड रस्त्याकडे, त्यामुळे यजमान मला कधी दिसत नसत. पाठीमागून फक्त त्यांचा आवाज येई.

"मार्केट थंड आहे, सिस्टर," एजंट म्हणाला.

"आमच्याकडे कोणी थंड पडलं की डॉक्टरला बोलवायचो. तू काय करणार आहेस?"

त्याने पेंटरला बोलावले आणि माझ्यावर आणखी एक शब्द चढवला, 'त्वरित'. वर सिस्टरना बजावले, "का विकताय असं कोणी विचारलं, तर मुलाकडे चाललोय म्हणा. गुडघ्यांचं काढलंत, तर गिऱ्हाईक पायऱ्या मोजत बसेल."

झाले उलटेच. लोक खाली थांबून मला वाचत आणि आपसात म्हणत, "एवढी घाई? काहीतरी भानगड असणार." वर आले की भिंतींना ओल शोधत आणि जाताना निम्मा भाव सांगत. मागून येणारा यजमानांचा आवाज दिवसेंदिवस कमी होत गेला. मी मात्र तो शब्द मिरवत उन्हात तापत होते.

एके दिवशी एक तरुण जोडपे आले. नवऱ्याने तोच प्रश्न विचारला. एजंट म्हणाला, "मुलाकडे चाललेत."

"मुलगा कसला? आम्हाला मूलबाळ नाही," आतून यजमान म्हणाले. "माझे गुडघे गेलेत. खोट घरात नाही, माझ्यात आहे."

मग त्या तरुणीला हसू फुटले. "अहो आजोबा, आधी सांगायचं ना. आम्ही पाहिली त्या सगळ्या घरांतले लोक मुलाकडेच चाललेत."

थोडी घासाघीस झाली, पण भाव मनासारखा ठरला.

घर सोडताना शेजाऱ्यांनी यजमानांना खुर्चीत बसवून खाली आणले. तेव्हा कुठे मी त्यांना पाहिले. उंच, सडपातळ, दाढी नीट केलेली. त्यांनी मान वर करून मला सावकाश वाचले.

"त्वरित?" ते म्हणाले. "हे कुणी लिहिलं? मला माहीतच नव्हतं."

"तुम्हाला दिसणार कुठून," सिस्टर म्हणाल्या.

मित्रांनो, आता मी एजंटच्या दुकानामागे भिंतीला टेकून असते. कडांना गंज चढला आहे, पण घासूनपुसून घेतलेत तर अजून कामाला येईन. माझ्यावर कुणाच्या घराविषयी हवे ते लिहा. फक्त बांधण्याआधी मला आत न्या आणि जो खाली उतरू शकत नाही, त्याला वाचून दाखवा.