निरंजनचा बिल्ला

"ऐकलं का, भाऊजी?" मंदाकिनीने विचारलं. "यायनं सायकल लावली. आता हातपाय धुतीन."

मारोतीने ऐकलं होतं. दुपारी तीनला रायपूरच्या गुढियारीतल्या त्या बोळात चिटपाखरू नव्हतं, ऊन नुसतं रणरणत होतं. पण दाराबाहेर सायकलच्या स्टँडचा खटका वाजला होता, अगदी स्पष्ट. मग बाहेरच्या मोरीत पाणी सांडलं. थांबून थांबून, तांब्यातांब्याने, सिलतऱ्याच्या कारखान्यातून आलेला माणूस पायांवरची काळी भुकटी धुतो तसं. मारोती उठून पाहून आला. बोळ रिकामा होता. मोरीची फरशी मात्र ओली होती.

"नळ गळत असंन, वहिनी."

"नळाले चार दिवसांपासून पाणीच नाही. टँकरचं भरून राहिलो आम्ही."

तिच्या आवाजात भीती नव्हती, आणि भिण्यासारखी गोष्ट खरं तर तीच होती. तिचा नवरा निरंजन कारखान्याच्या भट्टीत जळून गेला त्याला आठ महिने झाले होते. बाई रोज तीन वाजता, त्याच्या घरी यायच्या वेळी, न जेवता दाराकडे तोंड करून बसत होती. शेजारणींनी येणं सोडलं होतं. येत होता तो एकटा मारोती, दर बुधवारी, सुट्टीच्या दिवशी, काखेत प्रार्थनेचं पुस्तक घेऊन.

मारोती आणि निरंजन अकरा वर्षं एकाच भट्टीवरचे जोडीदार. निरंजन गेला आणि मारोतीचं अन्नपाणी तुटलं. शेवटी दवाखान्यातल्या क्षमा सिस्टरने त्याला रविवारच्या प्रार्थनेला नेलं. टिनाच्या छपराखाली बसलेली पंचवीस-तीस माणसं, एक ढोलक, आणि समोर साधा लाकडी क्रूस. तिथे मारोती गुडघ्यावर बसला आणि मनातल्या मनात येशूला सगळं सांगून लहान पोरासारखा रडला. त्या रात्री तो झोपला. खोटं कशाला बोला, त्याला मिळालेली शांती खरी होती. मग ती एकट्याजवळ ठेववेना. प्रसादाचा द्रोण घेऊन निघावं तसा तो घरोघर निघाला. कुणी पाणी दिलं, कुणी दार लावलं, कुणी धर्म बुडवला म्हणून तोंडावर शिव्या घातल्या. त्याने कशाचंच वाईट वाटून घेतलं नाही. फक्त एक गोष्ट त्याने देवाला सांगितली होती आणि माणसाला सांगितली नव्हती.

"प्रार्थना करू ना, वहिनी?" त्याने पुस्तक उघडलं.

"थांबा. तुमचा येशू मेलेल्यायचं ऐकते का?"

"काय विचाराचं हाये?"

मंदाकिनी दाराकडेच पाहत होती. "त्या दिवशी सकाळी भांडलो आम्ही. मी म्हणलं, घरी नाही आले तरी चालते मले. चौकशीवाले म्हणे, यायनं बिल्ला काढला अन् मुद्दाम परत आत गेले. आता रोज येतात, पण मोरीपर्यंतच. घरात पाय नाही ठेवत. मीच म्हणलं होतं न, येऊ नका. येवढंच विचारून द्या, माह्या बोलण्यानं मेले का?"

 कारखान्यात पद्धत अशी होती, की भट्टी थंड झाली की साफसफाईला आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला तोंडाशी फळ्यावर लावायचा आणि बाहेर येताना काढायचा. पाळी सुटली की तोच गेटावर जमा करायचा, आणि तिथे ही लांब रांग. म्हणून जो आधी बाहेर येई तो दोस्ताचाही बिल्ला उचली. सगळेच उचलायचे. त्यात कुणाला काही वाटत नव्हतं.

मोरीतलं पाणी थांबलं. त्याने डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवात केली, पण पहिल्या ओळीपुढे जाता येईना. डोळे उघडले तर उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर ओलं पाऊल उमटलं होतं, एकच. उन्हाने ती फरशी तव्यासारखी तापलेली होती, तरी पाऊल वाळत नव्हतं.  देवाने माफ केलं, आता माणसाला कशाला सांगा, असं तो आठ महिने स्वतःला समजावत आला होता. त्याला वाटलं, मी हिला दर बुधवारी शांती द्यायला येतो, आणि हिची शांती तर मीच दाबून बसलो आहे. त्याला स्वतःची शिसारी आली.

"वहिनी, बिल्ला त्यानं नाही काढला. मी काढला."

तिने पहिल्यांदा दाराकडून मान वळवली. "काहून?"

"त्यानंच म्हणलं. मारोत्या, मी मागून आलोच, माहाबी बिल्ला उचल. आज लाइनीत नाही थांबत. मंदा रुसली असंन, लवकर जाऊन तिच्यासंगं जेवाले बसतो." त्याचा आवाज फाटला. "मी दोन्ही बिल्ले घेऊन गेटावर गेलो. तिकडं फळा रिकामा दिसला, पुढच्या पाळीवाल्यायनं दार लावून भट्टी पेटवली. चौकशीत मी चूप राहिलो."

ती सरकून त्याच्यासमोर येऊन बसली.

"परत सांगा. ते काय म्हणले ते."

त्याने सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं.

"माह्यासंगं जेवाले?"

"हव. तुमच्यासंगं."

मंदाकिनीने पदर तोंडात कोंबला आणि हुंदके देऊन देऊन रडली. मारोती भिंतीशी खाली मान घालून बसून राहिला. ती शांत झाली तेव्हा उंबऱ्याकडे पाहायची त्याची छाती झाली नाही.

"आठ महिने माह्या घरचा चहा पेले तुम्ही," ती म्हणाली.

त्याने हात जोडले.

"विशालले सांगसान? त्याच्या तोंडावर?" विशाल तिचा मुलगा. नव्या रायपुरात नोकरीला होता आणि बाप जीव देऊन गेला म्हणून बापाचं नावही काढत नव्हता.

"सांगतो. कारखान्यातबी सांगतो. नोकरी गेली तर जाऊ दे."

तिने माफ केलं म्हटलं नाही, की शापही दिला नाही. उठून चूल पेटवली, वरण गरम केलं, एक ताट वाढून घेतलं. मारोतीला जेवा म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. त्याने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, फोन काढला आणि विशालचा नंबर लावला.

"विशाल, मी मारोतीकाका. घरी ये बेटा, बाबाबद्दल सांगाचं हाये."

"क्या हुआ, काका? मम्मी ठीक है ना? क्या कर रही है?"

मारोतीने तिच्याकडे पाहिलं. मंदाकिनी भात कालवत होती.

"जेवून राहिली," तो म्हणाला.