सुंदर, म्हणजे खालून दुसरं

आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला प्रत असते. सूपला असते, पावसाला असते, शेजारच्यांच्या सुनेलाही असते. ही प्रत ठरवायचं काम माझे यजमान करतात, कारण ते नाणी जमवतात, आणि जगात जे काही आहे ते आपल्या भिंगाखाली येण्यासाठीच जन्मलंय अशी त्यांची समजूत आहे. सकाळी मिसो सूपचा पहिला घोट घेतला की डोळे मिटून म्हणतात, "साधारण." वाटी मात्र चाटूनपुसून रिकामी करतात.

कानाझावाच्या नाणी मंडळात चारच शब्द चालतात. सगळ्यात वर कोरं, म्हणजे टांकसाळीतून निघाल्यावर वापरात न आलेलं. त्याखाली अतिसुंदर. मग सुंदर. आणि तळाला साधारण. सुंदर म्हटलं की बाहेरची माणसं खूश होतात. नाणेवाल्यांचा चेहरा पडतो. त्यांच्यात सुंदर म्हणजे झिजलंय, पण अजून ओळखू येतंय.

हे मला लग्नानंतर कळलं. पाहण्याच्या कार्यक्रमात मध्यस्थ मावशींनी विचारलं होतं, "मग कुरेबायाशीसान, मुलगी कशी वाटली?" ह्यांनी मान किंचित तिरकी करून मला उजेडात न्याहाळलं आणि गंभीरपणे म्हणाले, "सुंदर." माझ्या आईचे डोळे भरून आले. तिने तातामीच्या चटईला कपाळ टेकवून आभार मानले, आणि तिच्याबरोबर मीही वाकले. पुढे एकदा हे नाण्यांच्या पाकिटांवर लेबलं चिकटवत बसले असताना मी त्या शब्दांचा क्रम विचारला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अहो, म्हणजे मला तेव्हा तुम्ही..."

"साधारणपेक्षा वरचीच होतीस की," हे म्हणाले आणि पुढच्या लेबलाला डिंक लावायला लागले.

ह्यांच्या संग्रहात नाव घेण्यासारखं नाणं एकच. मेइजी सम्राटाच्या काळातलं, सोन्याचं, एका बाजूला ड्रॅगन असलेलं, सासऱ्यांकडून आलेलं. ते कोरं आहे हे ह्यांनीच ठरवलेलं. पाहुणे आले की पांढरे हातमोजे चढवायचे, पॉलोनियाच्या लाकडाची पेटी उघडायची, आणि पाहुण्यांनी श्वास रोखून लांबूनच पाहायचं. मी चहा घेऊन आले तर म्हणायचे, "इकुए, तिथेच थांब. वाफ येते." मग मी दारातच ट्रे धरून उभी. एका माणसाने एका धातूच्या तुकड्यापुढे इतकं लाचार व्हावं, याची मला कायम किळस वाटत आली.

मंडळात तर ह्यांचा थाट विचारू नका. शोजी नावाचे नूडलवाले आहेत, गरीब स्वभावाचे. त्यांनी एकदा आपलं चांदीचं नाणं दाखवण्याआधी शर्टाला पुसलं. ह्यांनी सगळ्यांसमोर त्यांचा असा पाणउतारा केला की तो माणूस वर्षभर मंडळात फिरकला नाही. "नाणं पुसणारा माणूस म्हणजे नाण्याचा खुनी," असं हे म्हणाले होते. घरी येऊन मला पुन्हा म्हणून दाखवलं, वाक्य चांगलं जमलं म्हणून.

यंदा शरदात मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांचं मुलीकडे राहायला जायचं ठरलं. ज्याच्याकडे सोन्याचं कोरं नाणं असेल त्यानेच अध्यक्ष व्हायचं, असा मंडळाचा जुना नियम आहे. नियम करणाऱ्याकडे तसं नाणं असणार, दुसरं काय. लोणचीवाले नेझुसान सरळ माणूस. आपलं नाणं अतिसुंदर आहे, कोरं नाही, असं ते स्वतःच सांगतात. म्हणजे उरले हे. आणि अध्यक्षाच्या घरात मंडळाचं कार्यालय असतं.

"वरची खोली लागेल," हे जेवताना म्हणाले. "तुझ्या त्या चिंध्या खाली आण."

त्या चिंध्या म्हणजे किमोनो. वरच्या खोलीला उत्तरेचा उजेड आहे, आणि दर गुरुवारी चार बायका माझ्याकडे शिवण शिकायला येतात. ह्या घरात मला कुणी सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणतं ते फक्त त्या खोलीत.

"खाली कुठे आणू?"

"स्वयंपाकघर आहे की."

रेशीम मी मुळ्याच्या शेजारी कापायचं. ह्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पेटीच्या झाकणाशी बोलणं.

तेवढ्यात नेझुसाननी मंडळात सुचवलं की इतकी मोठी गोष्ट आहे, तर यंदा टोकियोहून कुणी जाणकार बोलावून प्रत लावून घेऊ या. हे हसले. "बोलवा की. आनंदच आहे."

आता इथे वर्षाअखेरीच्या साफसफाईचं सांगायला हवं. आमच्याकडे नवं वर्ष यायच्या आत घर लख्ख करायचं असतं. माळे, काचा, चुलीमागची चिकट भिंत, संडास, सगळं मीच करते. घरात बायको राबते आणि आपण नुसतं बसायचं हे बरं दिसत नाही, म्हणून हेही त्या दिवशी बाह्या सरसावतात, हरणाचं मऊ कातडं काढतात आणि पेटीतलं नाणं हळुवारपणे पुसतात. वडीलही पुसायचे म्हणे. ह्याला पुसणं म्हणायचं नाही, वंदन म्हणायचं. जे साफ करू नये असं घरात एकच होतं, आणि ह्या माणसाने आयुष्यात तेवढंच साफ केलं.

सभा वस्तीच्या सभागृहात होती. टोकियोहून कामोशिदासान आल्या. तिशीतल्या, केस मागे घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. त्यांना पाहून हे माझ्या कानाशी पुटपुटले, "पोर आहे. शिकवावं लागेल." पाहुण्या म्हणून रहिवासी संघाच्या अध्यक्षांची बायको, त्सुबोउचीसान, पहिल्या रांगेत होत्या. त्यांना नाण्यांतलं काही कळत नाही, पण जिथे खुर्ची पुढे मिळते तिथे त्या जातात.

कामोशिदासाननी नाणं कडेने धरलं आणि दिव्याखाली संथपणे कलतं केलं. एकदा या अंगाने, एकदा त्या. मग भिंग लावलं. हे हातमोजे घालून शेजारी उभे, देवळातल्या पुजाऱ्यासारखे.

"हे कुणी पुसतं का?" त्यांनी विचारलं.

"छे," हे म्हणाले.

"बारीक ओरखडे आहेत. सगळे एकाच दिशेने. ड्रॅगनच्या छातीवरचे खवलेही गुळगुळीत झालेत. वर्षानुवर्षं मऊ कशाने तरी घासलंय."

ह्यांनी घसा खाकरला. "घासणं नाही... वर्षाअखेरीला फक्त. हरणाच्या कातड्याने. हलक्या हाताने. घरची रीत आहे."

शोजीसान मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी मान खाली घातली, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

"असं होय," कामोशिदासान म्हणाल्या. कागदावर शिक्का मारला, तो कागद दोन्ही हातांनी ह्यांच्यापुढे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "सुंदर."

मंडळातले सगळे आपापल्या पायांकडे पाहायला लागले. आणि त्सुबोउचीसाननी टाळ्या वाजवल्या.

"वा, सुंदर म्हणाल्या," त्या मागे वळून म्हणाल्या. "कुरेबायाशीसान, केवढा मान हा. अभिनंदन."

संघाच्या अध्यक्षांच्या बायकोने टाळ्या वाजवल्यावर गप्प कसं बसणार? एकेक करून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नेझुसाननीही, बिचाऱ्यांना फार अवघड गेलं. आणि ह्यांना वाकावं लागलं. दोन्ही हात मांडीला लावून, कंबरेत, पार खालपर्यंत. "आभारी आहे," हे म्हणाले. टाळ्या थांबेनात, म्हणून पुन्हा वाकले.

मला आई आठवली. तिचं तातामीला टेकलेलं कपाळ आठवलं. ती बिचारी खरंच आनंदाने वाकली होती. हे मात्र शब्दाचा अर्थ पुरता ठाऊक असताना वाकत होते, म्हणून मी नजर हटवली नाही, शेवटपर्यंत पाहिलं. मला मुळीच दया आली नाही. उलट टाळ्यांत मीही होते.

कोरं नाणं कुणाकडेच निघालं नाही, तेव्हा मंडळाने तो नियमच मोडीत काढला आणि नेझुसानना अध्यक्ष केलं. कार्यालय आता त्यांच्या दुकानामागे, लोणच्याच्या पिंपांमध्ये आहे.

त्या संध्याकाळी हे पेटी न उघडताच कपाटात ठेवून जेवायला बसले. बराच वेळ चॉपस्टिक उचलली नाही.

"टोकियोच्या पोरीला काय कळतं," शेवटी म्हणाले. "सुंदर म्हणे. माझ्या वडिलांचं नाणं, आणि सुंदर."

मी सूप वाढलं आणि वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"साधारणपेक्षा वरचंच आहे की," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठवलं असावं, कारण कान लाल झाले. मग वाटी उचलून घोट घेतला, आणि सूपला काही म्हणाले नाहीत. मी वर गेले, दिवा लावला आणि गुरुवारसाठी रेशीम कापायला घेतलं.