दोष माझ्या गोल तळाचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि मी चांगलीच रागावलेली आहे. धक्क्यामागच्या शेडमध्ये मला पालथी घातली आहे. येणारा-जाणारा बोट दाखवून म्हणतो, "हीच ती बुडवी होडी!" म्हणून खरे काय घडले ते मीच सांगते.

मला एका सुताराने सुईणबाईंसाठी घडवले. माझा तळ गोल, मागची बाजू निमुळती. तो म्हणाला, "मावशी, ही लाटेत डोलेल, पण दगा देणार नाही. फक्त हिला पळवू नका. पळायला सपाट, रुंद तळ लागतो, तो पाण्यावर चढतो. हिला छोटं इंजिन बास."

बावीस वर्षे मी बाईंना तळ्यापलीकडच्या बाळंतिणींकडे नेले. त्यांच्या पिशवीतला कापूसदेखील कधी भिजला नाही.

मग ते इंजिन थकले. बाईंच्या जावईबापूंनी हौसेने नवे आणले, पाचपट ताकदीचे आणि दोघांनी उचलावे इतके जड. सुतार कळवळून म्हणाला, "हे हिला झेपायचं नाही हो!"

"काका, जमाना बदललाय," जावईबापू हसले.

एका दुपारी पलीकडून बोलावणे आले. बाईंना बसवून जावईबापूंनी इंजिन एकदम पूर्ण वेगात सोडले. माझी मागची बाजू पाण्यात रुतली, तोंड आभाळाकडे गेले. मी पाण्यावर चढणार कशी? जितका रेटा, तितका माझ्याखाली खड्डा!

"अहो, हळू! पुढचं दिसतंय का तुम्हाला?" बाई ओरडल्या.

"दिसतंय हो, आई!"

कसले दिसतेय! कोळ्यांचे जाळे अगदी जवळ आले तेव्हा कुठे दिसले, आणि जावईबापूंनी इंजिन खाडकन बंद केले. मी थांबले. पण मागे ओढून आणलेला पाण्याचा डोंगर थांबला नाही. तो मागच्या फळीवरून थेट आत आला. इंजिनाच्या वजनाने मी मागच्या बाजूने खाली गेले.

कोळ्यांनी दोघांना बाहेर काढले. पलीकडचे बाळ सुईणीविना जन्मले, नशिबाने वाचले. पण त्या धडपडीत बाईंचे उजवे मनगट मोडले. त्या हाताने त्यांनी पुन्हा एकही बाळ झेलले नाही.

आणि धक्क्यावर जावईबापू काय म्हणाले? "होडीच खराब निघाली!" लोकांनी माना डोलावल्या. माझी फळी न् फळी पेटून उठली.

बाई कडाडल्या, "होडीवर खापर फोडू नका. बुडवलं तुम्ही. आणि सुताराचा इशारा ऐकूनही मी तिच्यात बसले, ती चूक माझी."

मित्रांनो, इंजिनही वाईट नव्हते. आज ते एका सपाट तळाच्या होडीवर झकास पळते. जोडी चुकली होती. इंजिन घेण्याआधी होडी पालथी करा, तिचा तळ बघा, घडवणाऱ्याला विचारा. मुक्या वस्तूला उलट बोलता येत नाही, म्हणून तिच्या माथी काहीही मारू नका.

परवा बाई आल्या. माझ्या तळावरून डावा हात फिरवत म्हणाल्या, "सुताराला छोटं इंजिन बघायला सांगितलंय. नवी नर्स आलीय, तिला पलीकडे न्यायचंय. सुकाणूला माझा हा हात पुरे."

राग अजून गेलेला नाही. पण मी तयार आहे.