पाणी नको

जबलपूरच्या कांचघर भागात देशकरांच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी बीटल मोटार कितीतरी वर्षं उभी होती. लष्करातल्या एका डॉक्टरांनी जबलपूर सोडताना ती विष्णू देशकरच्या हवाली केली, कारण तिचं इंजिन उघडून परत नीट बसवणारा त्यांना दुसरा कोणी भेटला नव्हता. विष्णूची सगळी नोकरी कारखान्यात इंजिनं तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तो दर रविवारी बीटल सुरू करी, थोडा वेळ तिचा आवाज ऐकत उभा राही आणि बंद करून घरात येई.

त्याचा मुलगा अतुल तिशीला टेकला होता. त्यानं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं तेव्हा बापलेकांत जे बिनसलं ते तसंच राहिलं. अतुल एका वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करी. घरी आला की जेवून खोलीत जाई. काही सांगायचं असलं तर आईच्या तोंडून. "बाबांना सांग", "त्याला विचार" असे निरोप पोचवून शैलजा थकून गेली होती.

दिवाळी सरल्यावर एका सकाळी अतुल शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाबा, इसमें टर्बो लगाएँ तो?"

त्याला मराठी सगळं समजे, पण जीभ हिंदीवरच जाई.

"काहून? हे काय ट्रक आहे?" विष्णू म्हणाला.

"छोटा वाला. वर्कशॉपमध्ये एका डिझेल गाडीचा निघाला. अच्छा है, पण भंगारात देऊन राहिले."

विष्णूच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. पण मुलगा आपणहून बोलायला आला होता. तो म्हणाला, "जास्त हवा कोंबली की जास्त ताकद, तशी जास्त गरमी. हिला रेडिएटर नाही, पाणी नाही. सगळी गरमी हवेनं आणि तेलानं बाहेर काढायची. ते कसं करशील, सांग."

अतुल उलट्या बादलीवर बसला आणि दोघं जेवणाच्या वेळेपर्यंत उठलेच नाहीत.

तो हिवाळा शेडमध्ये गेला. तिसरा सिलिंडर नेहमी जास्त तापतो, कारण तेल गार करणारी जाळी त्याच्या वाट्याची हवा अडवते; ती जाळी काढून पंख्यासकट मागच्या चाकाजवळ न्यायची, हे अतुलनं सुचवलं. सिलिंडरच्या बुडाशी पातळ कडी घालून दाब उतरवायचा, टर्बोची हवा बेतानंच द्यायची, हे विष्णूनं ठरवलं. टर्बो इंजिनापेक्षा खाली बसणार, म्हणजे त्यातलं तेल आपोआप परत येणार नाही. त्यासाठी वेगळा पंप हवा. यावर दोघं भांडले, चहा प्याले, पुन्हा भांडले. शैलजा स्वयंपाकघरातून ऐके आणि तिला बरं वाटे. कधीकधी ती विनाकारण शेडपर्यंत जाऊन येई.

एकदा विष्णूनं इंजिनाच्या सांगाड्यावर बोट वाजवून सांगितलं, "हे मॅग्नेशियम आहे बरं. सहसा पेटत नाही. पण पेटलं तर पाणी नाही टाकायचं. भडकते. कारखान्यात आम्ही वाळू ठेवत होतो."

"मालूम है, बाबा," अतुल हसून म्हणाला.

संक्रांतीनंतर इंजिन जागेवर बसलं. टर्बोतून तेल परत नेणारी नळी विष्णूला स्टीलची हवी होती. ती बनून यायला वेळ होता. अतुलनं तोवर जाड रबरी नळी बसवली आणि वर उष्णता अडवणारं कापड गुंडाळलं. ती नळी तापणाऱ्या पाइपाच्या फार जवळून गेली होती. विष्णूनं वाकून पाहिलं. हात घालून तिला थोडं बाजूला सारलं. ती पुन्हा जागेवर आली.

"एकच चक्कर, बाबा. भेडाघाट रोडनं जाऊन यायचं. सोमवारी स्टीलची लावू."

विष्णूला कारखान्यात कोणी असं विचारलं असतं तर त्यानं इंजिनाला किल्लीही लावू दिली नसती. तो म्हणाला, "चलो."

गाडी सुंदर चालली. शहर मागे पडल्यावर अतुलनं पाय दाबला तेव्हा मागून बारीक शीळ उठली आणि सीटनं विष्णूच्या पाठीला धक्का दिला. अतुल मोठ्यानं हसला. विष्णूही हसला. सिलिंडरच्या हेडचं तापमान दाखवणारा काटा ठरवल्या जागीच होता. तिसरा सिलिंडर शांत होता. इतक्या वर्षांत विष्णूला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

मग तेल जळल्याचा वास आला. आरशात धूर दिसला. अतुलनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, तिथं उसाच्या रसाची एक गाडी आणि चहाची टपरी होती. दोघं बाहेर पडेपर्यंत मागच्या झाकणाच्या फटींतून ज्वाळा येत होत्या. अतुलनं गाडीतलं आग विझवायचं लहान नळकांडं पूर्ण रिकामं केलं. आग दबली आणि पुन्हा उठली. पेट्रोलची नळीही जळाली होती. मग आतून पांढरा लख्ख उजेड दिसू लागला आणि विष्णूनं ओळखलं, मॅग्नेशियम पेटलं होतं.

टपरीवरची माणसं धावत येत होती. एकाच्या हातात बादली होती. विष्णू दोन्ही हात हलवत जिवाच्या आकांतानं ओरडला, "पाणी नको! पाणी नको! पाणी!"

लोक आणखी जोरात धावले. "पानी लाओ, पानी!" कोणीतरी मागे ओरडलं. रसवाला हल्के पटेल सगळ्यांच्या पुढे होता. त्यानं बादली थेट इंजिनावर रिकामी केली.

जो स्फोट झाला त्यात पांढऱ्या ठिणग्या झाडाच्या उंचीपर्यंत गेल्या. हल्के तोंड धरून खाली बसला. अतुलनं त्याला ओढून लांब नेलं तेव्हा त्याच्या शर्टाला जागोजाग भोकं पडून त्यांच्या कडा पेटत होत्या.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. कोणी काही विचारलं नाही. हल्केला सरकारी इस्पितळात ठेवलं होतं. डोळ्यांवर, छातीवर पट्ट्या होत्या. विष्णू रोज जाई. एका दुपारी हल्केनं आवाजावरून त्याला ओळखलं.

"बाबूजी, आग बुझ गई थी न?"

"हो. हाँ. बुझ गई."

"आप इतना पानी-पानी चिल्लाए, तो मैं दौड़ा," हल्के म्हणाला. त्याला बोलताना श्वास पुरत नव्हता. "और गाड़ी?"

 विष्णू बाहेर वऱ्हांड्यात आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. तो जन्मला या शहरात, आयुष्यभर लोकांशी हिंदीत बोलला, कारखान्यात हिंदीत शिव्या दिल्या. आणि त्या क्षणी त्याच्या तोंडी घरातली भाषा आली होती.

अतुल खालून औषधं घेऊन आला. हल्के काय म्हणाला ते विष्णूनं त्याला सांगितलं.

"मालूम है," अतुल म्हणाला. "मी तिथंच होतो ना. मला समजलं होतं तुम्ही काय बोलून राहिले. मीही ओरडायला पाहिजे होतं, हिंदीत. नाही ओरडलो. मी गाडीकडे पाहत होतो."

त्यानंतर घरात पुन्हा शांतता आली. या वेळी निरोपही उरले नव्हते.

जखमा चिघळून हल्के गेला. त्याचे दिवस झाल्यावर विष्णू शैलजाला म्हणाला, "मी त्याच्या बायकोला खरं सांगणार."

"कशाला? तिचं काय भलं होईल त्यानं?"

"तिला माहीत पाहिजे."

"तिला माहीत पाहिजे, की तुम्हाला सांगायचं आहे?" शैलजा म्हणाली. विष्णूनं चपला पायात घातल्या. जाताना अतुल न विचारता सोबत निघाला.

हल्केची बायको गेंदाबाई रसाच्या गाडीजवळच भेटली. विष्णूनं उभ्या उभ्या सगळं हिंदीत सांगितलं. नळी चुकीची होती आणि ती त्याला दिसली होती. तो पाणी मागत नव्हता, नको म्हणत होता. 'नको' म्हणजे नाही, मत डालो.

गेंदाबाईनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मतलब, गलती इनकी थी?"

"नहीं, नहीं. मेरी."

"पानी तो इन्होंने ही डाला. आप मना कर रहे थे, ये समझे नहीं." तिचा आवाज चढला. "सारे गाँव में मैंने कह रखा है कि किसी ने पानी माँगा तो मेरा आदमी दौड़ा. अब क्या कहूँ? कि बिना समझे मर गया?"

विष्णूनं हात जोडले.

"ये बात दोबारा किसी से मत कहना," ती म्हणाली. "अपने पास रखो. भारी लगे तो भी रखो."

ते वळले. चार पावलं गेले असतील, तोच तिनं मागून हाक मारली. ती विष्णूला नव्हती, अतुलला होती.

"सुनो. ये इंजन चालू नहीं हो रहा. देख लो."

रसाच्या चरकाला लावलेलं लहान डिझेल इंजिन. विष्णू पुढे झाला, त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसला, पण त्याचे हात लोखंडाला लागेनात.  अतुलनं त्याला खांद्याला धरून हलकेच बाजूला केलं. डिझेलच्या नळीत हवा अडकली होती. त्यानं नट सैल करून ती सोडली, हँडल मारलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन धडधडू लागलं.

गेंदाबाईनं उसाची कांडी उचलून चरकात सारली. रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली होती. ती त्या गिऱ्हाइकाकडे वळली आणि ग्लास धुऊ लागली.