तांब्याचा तवा आणि धातूच्या कचऱ्याचा गुरुवार

मित्रांनो, मी एक जुना, चौकोनी, तांब्याचा तवा. गेल्या गुरुवारी माझा कचरा होता होता राहिला. अजूनही दाराशी पावलं वाजली की मला तो गुरुवारच आठवतो.

ओसाकातल्या एका कारागिराने मला ठोकून घडवलं. सुमिएबाईंनी मला माहेराहून आणलं. रोज सकाळी तेलाचं फडकं माझ्यावरून फिरे, अंड्याचा पातळ थर पसरे, त्याची गुंडाळी होई, मग पुन्हा थर. शेजारणी वाखाणत. वर्षानुवर्षांच्या तेलाने माझं अंग असं मुरलं होतं की अंडं आपणहून सुटायचं.

मग डॉक्टरांनी बाईंच्या यजमानांना, किंजिरोरावांना, सांगितलं, "रक्तात चरबी वाढलीय. तेलकट कमी करा."

सगळा संशय माझ्यावर. बाईंनी मला साबणाने खसाखसा घासलं, कचऱ्याच्या पारदर्शक पिशवीत घातलं आणि अंडी उकडायला लागल्या. आमच्या गल्लीत धातूचा कचरा महिन्यातून एकदाच, गुरुवारी उचलतात. मी पिशवीत पडून रोज भांड्यातल्या पाण्याची खदखद ऐकत होतो.

किंजिरोराव मात्र उकडलेलं अंडं फार आनंदाने खात. इतक्या आनंदाने, की मलाच शंका आली.

गुरुवारी बाईंनी पिशवी उचलली आणि थबकल्या.

"अहो! धातूच्या पिशवीत प्लॅस्टिक कोणी कोंबलं?"

"मांजराने असेल."

"आपल्याकडे मांजर कुठंय?" त्यांनी मला बाजूला केलं. खाली मेयोनीजच्या पिळून चपट्या झालेल्या बाटल्या! "हे ओतून उकडलेलं अंडं खाता होय तुम्ही?"

"अगं, कोरडं अंडं घशाखाली उतरत नाही."

"मेयोनीज म्हणजे निम्म्याहून जास्त तेलच! तव्याला तर मी नुसतं फडकं फिरवत होते."

बाहेर कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाटल्यांकडे. गाडी गेली. मी घरातच राहिलो.

पण साबणाने माझं मुरलेलं अंग गेलं होतं. पहिलं अंडं चिकटलं, फाटलं. "तेल वाढव की," किंजिरोराव आशेने म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही. मंद आचेवर तेलात मला पुन्हा मुरवलं, उरलेलं तेल पुसून काढलं. आता पुन्हा फडक्यावर भागतं.

तरी जीव टांगणीला आहे. रक्ताची तपासणी तोंडावर आलीय. निकाल चांगला आला तर कौतुक उकडलेल्या अंड्याचं होईल, वाईट आला तर गुन्हेगार मी. मित्रांनो, तव्यावर ठपका ठेवण्याआधी ताटात वरून काय ओतलंय तेवढं बघा. आणि मला साबण लावू नका. गुरुवार पुढच्या महिन्यातही आहे.