टी नव्हता, पी होता

खटखट थांबली म्हणून माझं बोलणं संपलं असं समजू नका. मी एक टाइपरायटर. एका हाडांच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली. फार सुखाची वर्षं होती ती.

मला चालवायची डॉक्टरांची थोरली बहीण. सगळे तिला अक्का म्हणायचे. बोटं चपळ, इंग्रजी मात्र बेताचं. ‘स्प्रेन’ आणि ‘स्ट्रेन’ या जोडीनं तर तिच्या नाकी नऊ आणले होते.

“अरे, दोन्हीत माणूस लंगडतोच ना? मग शब्द दोन कशाला?”

“अक्का, स्ट्रेन म्हणजे स्नायू ताणला. स्प्रेन म्हणजे हाडाला हाड बांधणारा बंध दुखावला.” डॉक्टर हे दर आठवड्याला नव्यानं सांगायचे बिचारे.

एकदा आमच्या पोस्टमनचा घोटा मुरगळला. डॉक्टरांनी रजेची चिठ्ठी सांगितली, ‘स्प्रेन, विश्रांती हवी.’ किती दिवस, ते घाईत राहून गेलं. अक्कानं टाइप केलं, डॉक्टरांनी न वाचताच सही ठोकली.

दहा दिवसांनी तो भिंत धरत आला. पाय टम्म सुजलेला.

“पोस्टातले साहेब चिठ्ठी वाचून म्हणाले, स्नायूच ताणलाय, चार दिवस बास. पाचव्या दिवशी पिशवी खांद्यावर दिली.”

डॉक्टरांनी चिठ्ठी मागून घेतली. “अक्का, तू पीच्या जागी टी मारलास.”

अक्का खुर्चीत बसली. “चुकलं हो माझं,” एवढंच ती पोस्टमनला म्हणाली.

पाय कायमचा अधू झाला. गल्लीतली कुत्रीसुद्धा ज्याला ओळखायची, तो माणूस टेबलाशी बसून पत्रं निवडू लागला. अक्कानं मला पुन्हा हात लावला नाही. चिठ्ठ्या हातानं लिहायला लागली.

ती चुकली नव्हती. चिठ्ठ्या ती सगळ्या कॅपिटल अक्षरांत टाइप करायची, आणि तिनं पीच दाबला होता. रिबन जुनी झाली होती, तिचा एक धागा सुटून नेमका माझ्या पीला गुंडाळला गेला. पीच्या गोल पोटाचा खालचा भाग उमटलाच नाही. उरली उभी दांडी आणि वरची आडवी रेघ. तो टी दिसला, यात अक्काचा काय दोष?

आता मी तिच्या घरी कपाटावर असतो. ती म्हातारी झाली आहे. पाहुण्यांना अजून सांगते, “माझ्या हातून एका माणसाचा पाय गेला.” मला ते ऐकवत नाही.

तुमच्यापैकी कुणी तिच्याकडे गेलात, तर एवढं करा. माझं झाकण काढा आणि तिच्यादेखत पी दाबा. धागा अजून तिथंच आहे.