अक्कांचं ठिगळ

मंडळी, संगणकाच्या पडद्यावर 'नवी आवृत्ती आली आहे' अशी पाटी उगवली की आपण काय करतो? 'नंतर आठवण करा'वर बोट ठेवतो आणि चहाला उठतो! आपल्या अक्काही गेली दोन वर्षं तेच करत होत्या. फक्त त्यांचं कारण आळसाचं नव्हतं.

अक्का म्हणजे ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरच्या गीतसंग्रहाच्या प्रमुख. बायकांच्या ओठांवरची गाणी त्यांच्याच आवाजात टिपायची, सूचीत लावायची आणि मागेल त्याला ऐकवायची, हे तिथलं काम. सूची ज्या प्रणालीवर चाले ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नव्हती. देशोदेशीच्या ग्रंथालयांतल्या माणसांनी मिळून ती रचली होती. कुणीही घ्यावी, आतून उघडून बघावी, गरजेप्रमाणे बदलावी. गावच्या विहिरीसारखी, सगळ्यांची.

पण ती जन्मली पुस्तकांसाठी. प्रत्येक नोंदीला विचारायची, 'लेखक कोण?' आता अंगाईला कसला आलाय लेखक! म्हणून आधीचे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांनी तिला एक तुकडा जोडून दिला. त्याला ते 'ठिगळ' म्हणत. ठिगळाचा प्रश्न साधा होता: 'हे गाणं कुणाकडून शिकलात?' एका बाईच्या नावावर बोट ठेवलं की तिला शिकवणारी दिसे, मग तिला शिकवणारी. मुखामुखातून आलेल्या गाण्याचं अख्खं झाड पडद्यावर उभं राही.

त्या झाडात अक्कांचा जीव अडकला होता. त्यांची आई प्रसूतिगृहात परिचारिका होती. नव्या बाळाला मांडीवर घेऊन गायची, बाळंतिणीला गाणं शिकवून घरी धाडायची. आईचा आवाज मात्र कुणी टिपलाच नाही, संग्रह सुरू होण्याआधीच ती गेली. पण कुठकुठच्या बायकांनी 'कुणाकडून?'च्या उत्तरात तिचंच नाव सांगितलं होतं. अख्ख्या संग्रहात आई होती ती एवढ्या एका रकान्यात!

"अक्का, आता 'नंतर' नाही हं." सोमवारी सकाळी नवी तंत्रज्ञ दारात उभी राहिली. भराभर बोलते म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. "आपल्या जुन्या आवृत्तीला भोकं पडलीत, कुणीही आत शिरेल. शुक्रवारी ती बंद करायची, वरून हुकूम आहे."

"मग ठिगळ?"

"नव्या आवृत्तीची आतली वीणच बदललीय. तुमचं ठिगळ बसत नाही. मी लावून बघितलं." तिनं प्रायोगिक प्रत उघडून दाखवली. गाणी होती, आवाज होते. झाड नव्हतं. "माहिती कुठे गेली नाही, अक्का. आत आहे. पण बघायला खिडकी नाही."

अक्कांनी तिथल्या तिथे भाऊंना फोन लावला. ते आता दूर दुसऱ्या नोकरीत होते.

"अक्का, दर आवृत्तीला मी ते नव्यानं शिवत होतो," पलीकडून भाऊ हसले. "तेव्हाच म्हटलं नव्हतं का, मूळ कापडातच विणायला देऊन टाकू? तुम्ही म्हणालात, आपलं ते आपल्याजवळ!"

खरंच म्हणाल्या होत्या. शेजारच्या शहरातल्या ग्रंथालयानं ठिगळ मागितलं, तेव्हाही 'विचार चालू आहे' असं गुळमुळीत उत्तर धाडून दिलं होतं. आपल्याकडे आहे ते दुसऱ्याकडे नाही, यात एक गोडी असते ना! शिवाय एक गुपित होतं. दोघी जावांनी सांगितलं होतं, 'मी हिच्याकडून शिकले' आणि 'मी हिच्याकडून'. तिथे झाड स्वतःभोवतीच फिरू लागे आणि संगणक गरगरून बंद पडे. पाहुणे आले की अक्का त्या जावांच्या वाटेलाच जात नसत. झाकली मूठ सव्वा लाखाची!

घरी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, मटार सोलत बसली होती. अक्कांनी पर्स टाकली आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे ती विहीर लोकांनी खणली," मावशी म्हणाली, "तू पाणी भरलंस, वर एक चांगला रहाट बसवलास, आणि रात्री तो सोडवून घरी नेलास?"

"रात्री नाही गं! आमचाच होता तो रहाट, आम्ही केला."

"केलात ना. आता विहिरीचं तोंड बदललं, तर तुझा रहाट तुझ्या माळ्यावर. घाल कपाळात!"

"मावशी, त्यात चुका आहेत. जगासमोर कसं मांडू? लोक हसतील."

मावशीनं शेंग खाली ठेवली. "तुझी आई बेसूर होती, ठाऊक आहे?"

"काहीतरीच!"

"काहीतरीच काय? दुसऱ्या ओळीला हमखास घसरायची. मी म्हणायची, ताई, आधी नीट बसव, मग शिकव. तर म्हणायची, बाळ आत्ता रडतंय, सूर लागेपर्यंत थांबेल का ते? आणि त्या पोरींनी घरी जाऊन आपापला सूर लावला. तिनं गाणं पदराखाली झाकून ठेवलं असतं, तर तुझ्या त्या रकान्यात आज तिचं नाव कुणी सांगितलं असतं?"

मावशी आपल्याच नादात गुणगुणू लागली,

*पाळण्याची दोरी, फिरे हातोहाती घरी,*
*आई थके, मावशी धरी, बाळ निजे.*

अरे देवा! आईनं गाणं वाटलं म्हणून ती उरली, आणि तिला जपण्यासाठी मुलीनं मात्र मूठ आवळली! अक्कांना स्वतःचंच हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्या चिमणीच्या टेबलाशी गेल्या. "ठिगळ देऊन टाक. सगळ्यांना दिसेल असं ठेव. आणि त्या दोन जावांचंही लिही, झाकू नकोस."

"नक्की, अक्का?"

"नक्की. आणि शेजारच्या ग्रंथालयाला मी स्वतः फोन करते. आधी माफी, मग मदत."

फोनवरच्या बाई आधी जरा तुटकच बोलल्या. "विचार झाला का पूर्ण?" पण मग म्हणाल्या, "वाट बघून आम्हीच अर्धं शिवायला घेतलंय. तुमचं धाडा, जोडू."

शुक्रवारी जुनी आवृत्ती बंद झाली. झाड दिसेनासं झालं, पण अक्का डगमगल्या नाहीत. पेरलेलं दिसत नाही, म्हणून ते मेलेलं नसतं! सगळ्यांसाठी ठेवलेलं ठिगळ बघून समुद्रापलीकडच्या एका बेटावर वल्हवण्याची गाणी जपणाऱ्या एका गृहस्थांनी जावांचा गुंता सोडवून पाठवला. सोबत लिहिलं होतं, 'आमच्याकडे असेच दोन भाऊ आहेत, एकमेकांचे गुरू. आता दोघेही सुखानं नांदतील.' चिमणी इतकी हसली की खालच्या वाचनकक्षातून दटावणी आली. अक्कांनी वरिष्ठांना पटवून दर बुधवारची दुपार तिला या सामायिक कामासाठी मोकळी करून दिली. कुणाची चूक तपासायची, कुणाला वाट दाखवायची. घेणाऱ्यांनी हातही लावायला हवा ना!

पुढची आवृत्ती आली, तेव्हा 'कुणाकडून शिकलात?' हा प्रश्न मूळ कापडातच विणलेला होता. आता तो पुसायला कुणी धजावणार नव्हतं, कारण तो सगळ्यांचा होता. पाटी उगवताच अक्कांनी 'आत्ताच करा' दाबलं आणि आईच्या नावावर बोट ठेवलं.

झाड उघडलं. ओळखीच्या सगळ्या फांद्या जागेवर होत्या. आणि एक नवी! दोन्ही ग्रंथालयांच्या सूची आता एकमेकींशी बोलत होत्या. शेजारच्या संग्रहातल्या कुणा आजींनी आपल्याला शिकवणारीचं नाव सांगितलं होतं, 'प्रसूतिगृहातली ताई'. तेच प्रसूतिगृह, तीच ओवी बघून फोनवरच्या त्या बाईंनी ती अक्कांच्या आईशी जोडून दिली होती. अक्कांनी मावशीला बोलावून घेतलं, तिच्या कानाला गाणं ऐकायचं यंत्र लावलं. त्या आजींच्या थरथरत्या आवाजात आधी ओळखीची ओवी आली, मग कधीच न ऐकलेली,

*माझे नाही गाणे, वाऱ्यावरचे हे दाणे,*
*तुझ्या दारी रुजू जाणे, बाळ निजे.*

"ही माझ्यापुढे कधी गायली नाही ताई," मावशी पुटपुटली. मग डोळे पुसत म्हणाली, "बघ, दुसऱ्या ओळीला घसरली. तिचीच शिष्या!"

वाचकहो, ज्ञानाची साधनं लोकांनी लोकांसाठी घडवली, ती वापरताना आपण नुसते घेणारे होऊ नये. आपली दुरुस्ती, अगदी तिच्या चुकांसकट, परत त्यात घालावी. कवटाळलेलं आपल्याबरोबर जुनं होतं. वाटलेलं कुणाच्या ना कुणाच्या तोंडून आपल्यालाच पुन्हा ऐकू येतं.